वहिनीला सांगितलेला खोटा अर्थ

दादा,

काल तुझ्या छकुलीनं ट्रंकेतून ती इंग्रजी गाण्याची कॅसेट काढली अन् मला विचारलं, "काका, बाबाच्या या गान्यात काय म्हनून राहिले?" मी खोटं बोललो. म्हणून लिहायला बसलोय. तुला जाऊन दोन वर्षं झाली, अन् आज पहिलं पत्र. रागावू नको.

नांदेडला कॉलेजात असताना तू ती आणलीस. रॉक म्हणतात त्याला, तूच सांगितलंस. आई म्हणाली, "काहून बोंबलून राहिला रे त्यो? पोट दुखतंय का त्याचं?" तू केवढा हसलास! मग टेप थांबवत थांबवत एकेक ओळ मला मराठीत सांगितलीस. गाणारा म्हणतो, तुम्ही नदी विकली, आता लेकरांना काय पाजता? शेवटी शब्द संपतात, नुसता ढोल वाजत राहतो. तू म्हणालास, "त्याला कोनी उत्तरच देईना, म्हनून बडवून राहिला."

मला वाटलं, या लोकांना काही कामधंदे नाहीत! आपल्या नदीत तर भर उन्हाळ्यात वाळू उकरली की पाणी लागायचं. घरोघरचा झिरा, म्हणजे वाळूतला पाण्याचा खड्डा, ठरलेला. आईचा उंबराखाली. ती वाटीवाटीनं हंडा भरायची. दुसऱ्याच्या झिऱ्याला कुणी हात लावायचं नाही.

म्हणूनच तर मी आईच्या झिऱ्याचीच वाळू उपसली ना! नवा ट्रॅक्टर होता, सेनगावात वाळूला गिऱ्हाईक होतं. दुसऱ्याच्या जागेत फावडं घातलं असतं तर गाव अंगावर आलं असतं. आपल्या जागेत कोण अडवणार? तू अडवलंस. ट्रॅक्टरपुढं उभा राहून म्हणालास, "बाळू, वरून जागा येगळ्या, खालून पानी एकच हाय रे!" अन् मी काय म्हणालो? "तुझं गानं तिकडं म्हन जाऊन." कसली मस्ती होती मला!

खड्डा खोल गेला तसं साऱ्या आळीचं पाणी त्यात उतरलं. बाकीचे झिरे आटले. मग सगळे त्याच खड्ड्यातलं प्यायला लागले. म्हशीही त्यातच बसायच्या. अन् तुला कावीळ झाली.

हिंगोलीच्या डॉक्टरनं विचारलं, "पाणी कुठलं पिता?" तू माझ्याकडं बघितलंस अन् म्हणालास, "हाटेलात पिलो असंन कुठंतरी." तू कधी हाटेलात गेलास रे? चहासुद्धा घरून पिऊन निघायचास! काहून वाचवलंस मला? दोन शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

काल छकुलीला मी म्हणालो, "पिरमाचं गानं हाय. तुझ्या आईसाठी लावायचा त्यो." वहिनी चुलीपाशी होत्या. पदर तोंडाला लावून हसल्या, दोन वर्षांत पहिल्यांदा. आज सकाळपासून तीनदा लावलं त्यांनी. गाणारा जीव तोडून ओरडतोय अन् वहिनी भाकरी थापताना मान डोलावताहेत. मला घरात बसवेना, दादा.

हे हसू हिसकावून घेऊ का? तसंच राहू दिलं असतं मी. पण तुला हेही सांगायला पाहिजे, की ट्रॅक्टर अजून नदीत जातो. तू गेल्यावरही मी थांबलो नाही. आता पुढच्या वळणावरची वाळू काढून राहिलो, अन् खोटा अर्थ सांगून तेही झाकून राहिलो.

उद्या सकाळी ट्रॅक्टर निघणार नाही. दोघींना समोर बसवून खरा अर्थ सांगतो, अन् तुझी कावीळ कुठून आली तेही. तुझी शपथ. मग वहिनींनी मला परत दारात उभं केलं नाही, तरी तू मध्ये पडू नको.

तुझा गुन्हेगार,
धाकटा बाळू