तुकारामच्या जागेकडे पास

वडूज, मार्गशीर्षातला गुरुवार, १९४६

रजा संपत आली तरी दम तोकडाच. आजही तालमीमागच्या लिंबाला बांधलेल्या, बूड कापलेल्या पाटीत चेंडू टाकत होतो. दोन उड्या मारल्या की धाप लागते. पण खरी अडचण ती नाही. उडी मारली की हात आपोआप डावीकडे पास देतो. तिथं तुकाराम असायचा. तो ब्रह्मदेशच्या लढाईतच राहिला. पलटणीच्या बास्केटबॉल संघात परत घुसायचं तर ही खोड मोडायला हवी. कशी मोडू?

आजचा पास थेट तुकारामच्या वडिलांच्या पायाशी गेला. म्हातारे पैलवान, रोज तालमीपाशी येऊन बसतात. म्हणाले, "त्यो कुठं हुबा ऱ्हायाचा, दाव."

दाखवलं. तिथं जाऊन उभे राहिले. "टाक आता."

टाकला. कुस्तीत समोरच्याला कवेत आवळावं तसा त्यांनी चेंडू छातीशी आवळला. डोळे मिटलेले.

"आवं तात्या, लगीच सोडायचा असतोय."

"सोडतो की."

अंधार पडला तरी तसेच उभे. शेवटी मी चेंडू न घेताच घरी आलो.