तुझी ओरिकी मंचावर

लागोस, रविवार

आईला लांबूनच लोटांगण,

मी मजेत आहे. गायक दोतुनदादांच्या चरित्रासाठी त्यांच्याबरोबर पाच गावं फिरलो. जेवणाचे हाल नाहीत, फक्त तिखट तुझ्या हातचं नाही. तुझा खोकला कसा आहे?

काल प्रकाशन झालं. पहाटे तू मला उठवताना लाडाने म्हणतेस ती माझ्या कौतुकाची ओरिकी दादांनी मंचावर स्वतःच्या आईची म्हणून म्हटली, "पुराच्या पाण्यात जन्मलेल्या माझ्या वाघा!" सभागृह रडलं. अगं, ते तर दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर जन्मले. ते प्रकरण मीच लिहिलंय!

विचारलं तर हसले. "अरे वेड्या, आया सगळ्यांच्या सारख्याच."

रेडिओवर ऐकशील तेव्हा मी ती देऊन टाकली असं समजू नकोस. प्रवासात तुझी आठवण आली, म्हणून दादांना मित्र समजून ऐकवली होती.

अजून तुझाच,
अकान्नी