आपल्या दारापुढची सडक

आप्पा, परवा माहेरी गेले होते, तर नळाचे पाइप टाकायला आपली गल्ली खोदायला लागलेले. मजूर घामाघूम झालेला, पण कुदळ काही बसेना. "कोणी केली हो ही सडक? खडक हाय का काय!" म्हणून वैतागला. मी दारात उभी. म्हणाले, "माझ्या आप्पांनी." त्यावर तो जे बोलला, त्यासाठीच हे लिहायला बसलेय. पण ते आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं ऐकणारच नाही. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे.

राज्य निजामाचं होतं, आणि परभणीच्या बलदियेत, म्हणजे आताच्या नगरपालिकेत, गावातल्या सडकांचं काम तुमच्याकडे. दिवाळी झाली की पुढच्या सालाची आखणी आपल्या स्वयंपाकघरात व्हायची. तुम्ही चुलीतला कोळसा घेऊन सारवलेल्या जमिनीवर गाव काढायचात: ही स्टेशनची सडक, हा मोंढा, ही कापडगल्ली. आई भाकरी थापताथापता ऐकायची. मोंढ्याकडे होळीपर्यंत हात लावायचा नाही, कापसाच्या गाड्या चालू असतात. उरुसाच्या वाटेवर उरूस उठेस्तोवर दगड टाकायचा नाही. मग लग्नसराई, आणि लगेच डोक्यावर मिरगाचा पाऊस. मधल्या दिवसांत काय मुरूम पडेल तो पडेल. पाहुण्यांना ताट वाढावं तसा तुम्ही गावाला मुरूम वाढायचात, आणि आपली गल्ली कायम शेवटच्या पंगतीला. तिथवर मुरूम कधी पोचलाच नाही.

आईचा डावा पाय लहानपणापासून अधू. उन्हाळ्यात काठी टेकत ती कुठंही जायची. पण आपली काळी माती! एक सर पडली की काठी हातभर आत जाई, आणि आई चार महिने उंबऱ्याच्या आत. तिला मागणं एकच होतं, श्रावणातल्या सोमवारी महादेवाच्या देवळात स्वतःच्या पायानं जायचं. देऊळ लांब नव्हतं, गल्ली संपली की आलंच.

"औंदा तरी आपली गल्ली घ्या," ती दरसाल म्हणायची. तुमचं उत्तर, "लोक काय म्हणतील? स्वतःच्या दारापुढं आधी केली म्हणतील." "म्हणू द्या की! चिखल काय लोकायच्या पायाला लागायलाय?" तुम्ही पानावर चुना लावत बसायचात. आप्पा, तुम्ही कुणाचं पानसुद्धा फुकट खाल्लं नाही, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तरी तुम्ही त्या एका वाक्याला भ्यायचात. वाघाला भ्याला नसतात एवढे भ्यायचात.

मग एका साली आईनं एक केलं. दरसाल आखणी झाल्यावर ती जमीन सारवून टाकायची; या खेपेला सगळं गाव सारवलं आणि आपल्या गल्लीची रेघ तेवढी ठेवली. रोज तिच्या कडेकडेनं सारवायची. तुम्ही जेवायला बसलात की रेघ समोर. शेवटी हसलात, म्हणालात, "बरं बाई, औंदा पहिली आपलीच." मुरमाच्या गाड्या गल्लीच्या तोंडाशी आल्यासुद्धा. आणि नेमके हैदराबादहून कुणी बडे हाकीम दौऱ्यावर यायचे ठरले. तुम्ही गाड्या वळवून स्टेशनच्या सडकेला नेल्या. कोणी हुकूम केला नव्हता, आप्पा. तुम्हाला सुटल्यासारखं झालं होतं, ते मी तुमच्या तोंडावर पाहिलं.

"हाकीम येणार अन् जाणार," आई म्हणाली. "मी कुठं जाऊ?"

"पुढल्या साली. महादेवाशप्पथ."

दुसऱ्या दिवशी तिनं ती रेघही सारवून टाकली. श्रावणातले सोमवार खिडकीशी बसून काढले, भादव्यात ताप आला आणि गेली. सडकेनं मारलं तिला, असं मी म्हणत नाही. पण आपल्यात गेलेल्या माणसाला बसवून नेतात, पालखीसारख्या विमानात. आई त्यात ताठ बसलेली, कपाळभर विभूती, आणि खाली नेणाऱ्यांचे पाय घोट्याच्या वर रुतायलेले. पावसाळ्यात ती प्रथमच गल्लीतून निघाली होती, आणि तिच्या पायाला चिखल लागला नाही. ते बघून मी तुमच्यावर जी रागावले, तो राग अजून पुरता गेलेला नाही.

पुढल्या साली तुम्ही शप्पथ पाळली. उन्हात उभं राहून थरावर थर दिलेत, दगडी रूळ फिरवून फिरवून बैल थकवलेत. गावात कोणी चकार शब्द काढला नाही. काढणार कसा? कोणासाठी केली, सगळ्यांना दिसत होतं. बायका तेवढ्या म्हणाल्या, बाई गेली तवा गल्ली झाली. मग राज्य गेलं, तुम्हीही गेलात, आणि सडक राहिली.

तर परवा तो मजूर काय म्हणाला सांगते. घाम पुसत हसला आणि म्हणाला, "दारापुढची हाय म्हणून पक्की केली म्हणा की!"

झालं, आप्पा. जन्मभर ज्याला भ्यालात ते एवढंच होतं. असं हसत कोणीतरी म्हणतं, आणि पुन्हा कुदळ उचलतं. मी आत जाऊन त्याला चहा आणून दिला. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते: तो बोलला तेव्हा मला राग आला नाही की रडू आलं नाही. मी त्याला "हो" म्हणाले, आणि मलाही हसू आलं.