अण्णांची दाढी

मंगळवार, रात्र. संत तुकाराम नगर.

आई गेल्यापासून अण्णांनी दाढी केली नव्हती. बीपीही उतरत नव्हतं. आज त्यांचे कंपनीतले जुने सोबती रफीकचाचा आले. "हे काय ध्यान केलंय राव?" म्हणत त्यांनीच अण्णांच्या गालाला साबण लावला. अण्णांनी डोळे मिटले. रफीकचाचांनी सावकाश वस्तरा फिरवला. मग अण्णा ढसाढसा रडले, कित्येक महिन्यांनी.

मी माकडांवर संशोधन करते. एकमेकांचे केस साफ करताना त्यांच्या काळजाचे ठोके मंदावतात, हे मुलांना शिकवते. तरी गालावरच्या त्या हाताकडे बघतच राहिले. मला का नाही सुचलं? लेकीनं बापाची दाढी करू नये, असं कुणी सांगितलं?

जेवताना अण्णा म्हणाले, "उद्या रफीककडे जाऊन येतो." आईनंतर पहिल्यांदाच ते उंबरा ओलांडणार आहेत.