धुराड्यात दुसरा हात

९ जानेवारी १९४७

गोरक्षनाथचं भोजनगृह अलीमला! अलीमला!! आणि मला काय — तर त्याच्या मागून हात फिरवायचा!

सकाळी झेंडीगेटला उस्तादांकडे गेलो होतो. पीरमहंमद उस्ताद खाटेवर बसलेले. छाती पार गेली आहे, दोन वाक्यं बोलले की खोकला. शिडी आता चढवत नाही, तेव्हा मोठं काम मलाच सांगतील अशी खात्री होती. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली नगरातल्या खानावळींची धुराडी खरवडतो आहे. गोरक्षनाथच्या तीन भट्ट्या, त्यांच्यावर पत्र्याचं भलंमोठं छत्र, छत्रातून भिंतीत शिरून वर गेलेलं नळकांडं — असं धुराडं गावात दुसरं नाही. ते आजवर मीच घासत आलो.

उस्ताद म्हणाले, "यंदा अलीम घासंल. तू दुसरा हात फिरव."

आमच्यात रीत आहे. ज्यानं घासलं त्यानं स्वतःचं काम तपासायचं नाही. दुसऱ्यानं आत हात घालून चाचपायचं, आणि तो 'पेटवा' म्हणाला की मगच भट्टी पेटवायची. आजवर मी घासायचो आणि उस्ताद हात फिरवायचे. ते म्हातारे, त्यांना तेवढंच झेपायचं. मी काय म्हातारा झालो? छत्तिसावं लागलंय मला!

अलीम उस्तादांच्या बहिणीचा मुलगा, शेवटी भाचा तो भाचा. आपला तो बाब्या, लोकांचं ते कार्टं.

१० जानेवारी

झोप नाही. जेवण गेलं नाही. मरिया म्हणते, "पोट बिघडलंय का तुमचं?" हो म्हणालो.

११ जानेवारी

अलीमचं काय आहे एवढं? सोनईहून येऊन तीन वर्षं झाली. तीस वर्षांचा घोडा, काम करताना शीळ घालतो. धुराड्यातून उतरला की साबणानं कोपरापर्यंत हात धुतो, मग चहा घेतो. लोकांना तेच आवडतं. "अलीमभाई कसा टापटीप!" म्हणे. काजळी धुऊन टाकली की माणूस मोठा होतो का? माझ्या नखांतली काजळी अकरा वर्षांत निघालेली नाही. ती कुणाला दिसत नाही.

माझ्यापेक्षा उंच आहे, पण हात आखूड आहे त्याचा. हे मी आजच नीट पाहिलं.

१३ जानेवारी

आज जे झालं ते लिहावं की नाही, कळत नाही. लिहितो. ही वही कोण वाचणार आहे!

दुपारी भट्ट्या थंड करून अलीमनं काम उरकलं. छत्र त्यानं आतून चकचकीत केलं होतं, सोडा आणि राख लावून. गोरक्षनाथ खुर्ची टाकून बघत बसला होता, तोंडभर कौतुक. नळकांडं जिथं भिंतीत वळतं त्याला आम्ही कोपर म्हणतो. तिथं लोखंडी झडप आहे. सगळं तेल तिथं साचतं. तिथपर्यंत हात पोचवायला खांदा झडपेत घालावा लागतो, गाल भिंतीला घासतो.

मी हात घालणार तोच अलीम जवळ आला. हळूच म्हणाला, "भाऊ, कोपरात माझा हात नीट पुरला न्हाई. जरा बघा. ऱ्हायलं असंल तर सांगा, परत घुसतो."

मी खांद्यापर्यंत हात घातला. अंगठाभर जाडीचा थर! काकवीसारखा चिकट. नखानं ओढला तर निघेना.

दोन शब्द बोलायचे होते. राहिलंय, घुस परत. तो घुसलाही असता, शीळ घालत. मग गोरक्षनाथ म्हणाला असता, बघा कसा मनापासून काम करतो.

हात बाहेर काढला, मुठीत चिंधी धरून पुसला, आणि म्हणालो, "पेटवा."

अलीमचा चेहरा असा खुलला! "पुरला म्हंजी हात!" म्हणाला. आणि गेला साबण शोधायला.

आज ना उद्या छत्रात जाळ शिरेल, थोडी धावपळ होईल, धूर होईल. सगळ्यांना कळेल कोण कसं घासतं. एवढंच. एवढंच मला हवं आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. गोरक्षनाथकडे गेलो, सहज. भीमाबाई मधल्या भट्टीवर भजी तळत होती. पंधरा वर्षं ती त्या कढईपुढे उभी आहे, बरोबर छत्राखाली. पदराला हात पुसून माझ्या तळव्यावर तिळगूळ ठेवला. "घ्या सत्यवानदादा, ग्वाड बोला. तुमी हात फिरवला म्हनून मी आज निर्धास्त हाय बघा. न्हाईतर दिवाळीपासनं जाळ वर उसळला की लई भ्या वाटत हुतं."

गोड बोललो. वाईट काहीच बोललो नाही. दुसरंही काही बोललो नाही.

१७ जानेवारी

गोरक्षनाथ साऱ्या गावाला सांगत सुटला आहे. स्टेशनाजवळच्या दोन हॉटेलवाल्यांनी अलीमला बोलावलं. माळीवाड्यातल्या हलवायानं मला तोंडावर विचारलं, "तो साबणवाला मोकळा आहे का?" साबणवाला! मी समोर उभा असताना!

रोज एक फेरी गोरक्षनाथकडे होते. चहा मागवतो आणि बसल्या जागेवरून मान वाकडी करून कढईकडे बघतो. जाळ वर उसळला की कप खाली ठेवतो. जाळ बसला की बरं वाटतं, आणि लगेच वाईटही वाटतं. माणसानं एकाच गोष्टीनं दोन्ही कसं वाटून घ्यावं?

१९ जानेवारी

रविवार. प्रार्थनेला बसलो, पण मन कढईवर. मरियानं कोपरखळी मारली तेव्हा उभा राहिलो. बाकीचे कधीच उभे राहिले होते.

२२ जानेवारी

आज सांगायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पहाटे उठलो तो हेच मनात — पुरे झालं, भीमाबाई काही माझी वैरीण नाही. उस्तादांना सांगू, माझ्या हाताला चुकलं, परत बघतो. तेवढंच. चुकलं म्हणायला काय जातं?

झेंडीगेटला पोचलो. दार उघडं होतं. आत उस्तादांचा हात अलीमच्या पाठीवर, आणि उस्ताद हसत होते. अकरा वर्षांत माझ्या पाठीवर तो हात कधी पडला? आठवून पाहिलं. एकदा पडला होता — मी शिडीवरून घसरलो तेव्हा, सावरायला.

उंबऱ्यातूनच परतलो. उद्या सांगू.

२५ जानेवारी

उद्या सांगू.

२७ जानेवारी

पेटलं.

भर दुपारी, जेवणाच्या गर्दीत. मी तेलीखुंटावर एका खानावळीत काम करत होतो, तिथं ओरडा ऐकू आला. धावत गेलो. छत्रातून जाळ कोपरात शिरला होता आणि नळकांडं घुमत होतं. तो आवाज मी कधी विसरणार नाही. जळती काजळी वरून कढईत गळली, कढई पेटली, आणि गोरक्षनाथनं घाबरून घागरभर पाणी तिच्यात ओतलं. पेटत्या तेलात पाणी! पोराबाळांनाही आम्ही सांगतो, वाळू टाका, झाकण टाका, पाणी नको. पण जाळ समोर आला की सांगितलेलं राहतं कुठं. तेल उडालं. भीमाबाई तिथंच उभी होती. दोन्ही हात, मान, एक गाल.

मी दारातच उभा.

अलीम कौलांवर होता. कधी चढला देव जाणे. ओली पोती धुराड्याच्या तोंडावर दाबून धरली होती, वरून वाळू सोडत होता आणि ओरडत होता, "बाईला भाईर काढा! आदी बाईला काढा!" आग त्यानंच विझवली.

त्यातही तोच! असं माझ्या मनात आलं. भीमाबाई ओसरीवर तळमळत होती आणि माझ्या मनात हे आलं. लिहून ठेवतो.

२८ जानेवारी

भीमाबाई दवाखान्यात आहे. जीव वाचेल म्हणतात. बोटं मिटतील की नाही, सांगता येत नाही.

सारा गाव अलीमला नावं ठेवतो आहे. हलवाई मला बोलावून म्हणाला, "सत्यवानराव, आता तुम्हीच बघा आमचं." सत्यवानराव! पहिल्यांदाच. क्षणभर गोड लागलं.

रात्री मरियानं विचारलं, "तुम्ही हात फिरवला होता ना?"

"हो."

"मग?"

मी दिवा मालवला. ती पाठ करून झोपली.

३० जानेवारी

उस्तादांनी दोघांना बोलावलं. खोकत खोकत अलीमला विचारलं, "कोपर घासला हुतास का न्हाई?"

आता हा सांगणार, मी विचारलं होतं, भाऊ पेटवा म्हणाले. मी भिंतीला टेकलो. सांगून टाकलं तर सुटेन, असंही वाटलं.

अलीम म्हणाला, "न्हाई मामू. नीट न्हाई घासला. चूक माझी हाय. भाऊंच्या हाताला तवा लागलं नसंल, आत लई वळण हाय."

मला विचारलं होतं ते त्यानं सांगितलंच नाही. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं आहे, की तो खरोखर तसंच समजतो? काही उमगलं नाही. हा मोठेपणाही त्यालाच मिळावा! उस्ताद म्हणाले, "जा आता. रविवारी या."

२ फेब्रुवारी

उस्तादांनी आज चार हॉटेलवाल्यांना घरी बोलावलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाले, "घासणारे पन्नास मिळत्यात. हात फिरवणारा एकच असतो, तोच उस्ताद. म्हणून तर मी यंदा माझी जागा सत्यवानला दिली." माझा उजवा हात उचलून त्यांनी आपल्या डोळ्यांना लावला. "चुकला असंल एकदा. पण ह्यो हात खोटं बोलायचा न्हाई." अलीमनं मान हलवली.

मी हात काढून घेतला नाही.