कॉम्प्युटरची राखण

११ एप्रिल २०१३, गुरुवार. पाडवा.
कॉम्प्युटर घेतला. बिल सव्वीस हजार पाचशे. खरी किंमत अशी: सव्वीस हजार पाचशे, टेबल अठराशे, नारळ-पेढे एकशे चाळीस, आणि आमच्या सौ. सरोजिनीचा कूलर, जो यंदा येणार होता आणि आता येत नाही. वर तिचा अबोला. तो किती दिवसांचा, ते अजून कळलेलं नाही.
दुकानदार हिमांशू म्हणाला, काका, सात दिवस घरी येऊन फुकट शिकवतो. म्हटलं, सायकलवर कॅन वाहून तीन टँकर उभे केलेला माणूस आहे मी. मला कुणी शिकवत नसतं, मी बघून शिकतो. ‘ट्रेनिंग पूर्ण’ असा कागद होता, त्यावर तिथंच सही ठोकली. हिमांशू लई खूश. सात फेऱ्या वाचल्या त्याच्या.

१२ एप्रिल
संकल्प. आजपासून एक्केचाळीस सोसायट्यांच्या पाण्याच्या पाळ्या कॉम्प्युटरवर. कागद बंद. ही रोजनिशीसुद्धा एक मेपासून कॉम्प्युटरवर.
मशीन दिवसरात्र चालू ठेवायचं ठरवलं. आलेल्या गिऱ्हाइकाला पडदा चमकताना दिसला पाहिजे.

१८ एप्रिल, संध्याकाळी
यादी झाली. सात दिवस, एका बोटानं. कुणाचा टँकर कधी, कुणाची टाकी केवढी, कुणाच्या गेटात गाडी मागं घ्यावी लागते, सगळं आत. धरण तळाला गेलंय, नळाला पाणी कधी येतं ते नळालाही माहीत नाही. अशा वर्षात ही यादी म्हणजे गारखेड्याचा श्वास आहे.
जुनं रजिस्टर सगळ्यांसमोर रद्दीवाल्याला दिलं. आमचा ड्रायव्हर सांडू म्हणाला, मालक, एक वही तरी ठेवा की. म्हटलं, सांडू, जग कुठं चाललंय बघ जरा. तो म्हणाला, जगाचं नाय ठाव, मी डिझेल भरायला चाललोय.

१९ एप्रिल
वाईट दिवस.
माऊसखालची चटई घ्यायला हिमांशूकडं गेलो. काउंटरवर एक मॅडम होत्या. तो त्यांना समजावत होता. माझे कान पहिल्यापासून तिखट. म्हणाला, मॅडम, ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे घरातली कर्ती बाई. बाकीचं सॉफ्टवेअर म्हणजे हाताखालची माणसं. कुणी काय करायचं ते ती ठरवते. रॅम म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. ओट्यावर मांडलेलं फडताळात ठेवलं नाही, की लाईट गेल्यावर ओटा साफ.
मी सात दिवसांत फडताळात काहीच ठेवलेलं नाही. फडताळ आहे कुठं तेच माहीत नाही.
विचारणारच होतो. तेवढ्यात हिमांशू म्हणाला, मॅडम, हे व्यंकटराव काका, एक दिवसही ट्रेनिंग न घेता सगळं आत्मसात केलं यांनी. मॅडमनी नमस्कार केला. मी म्हटलं, सेव्ह करणं तर काय, सवयीचा भाग आहे.
चटई न घेताच घरी आलो. यादी होती. टेबलाचे पाय धरून दोन मिनिटं बसलो.
निष्कर्ष: जे बंदच होणार नाही, ते ठेवायची गरज काय? मशीन बंद होऊ द्यायचं नाही. बस.

२० एप्रिल
लोडशेडिंग अकरा ते तीन. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू, म्हणून पंखे बंद. बेचाळीस डिग्री. सरोजिनीचा अबोला सुटला. म्हणाली, पंख्यांनी काय पाप केलंय? म्हटलं, ऊर्जा नियोजन. म्हणाली, मग त्या डबड्याला घाम येतोय का बघा, पुसून देते.
एकदा पडदा आपोआप काळा झाला. माऊस हलवला, परत आला. तेव्हापासून मी दर पाच मिनिटांनी माऊस हलवतो.

२२ एप्रिल
नवीन संकट. कोपऱ्यात इंग्रजीत पाटी येते. काही अपडेट आलेत म्हणे, रीस्टार्ट करू का? दोन बटणं. आत्ता, किंवा नंतर. ‘नंतर’मध्ये जास्तीत जास्त चार तास मिळतात. चार तासांनी पाटी परत हजर, आणि खाली सेकंद मोजायला लागते.
म्हणजे इथून पुढं चार तासांच्या पलीकडं मला कुठं जाता येत नाही. गजर लावलाय.

२४ एप्रिल
यादी गुपचूप वहीत उतरवायला घेतली. सहा सोसायट्या झाल्या आणि सांडू आत आला. म्हणाला, मालक, वही? म्हटलं, पोरीच्या, सावनीच्या साखरपुड्याला बोलवायच्या माणसांची नावं. त्यानं वाचलं. म्हणाला, ‘मागच्या गेटानं, पाइप लांब लागतो’ हे कोण पाहुणे?
वही फाडली. तसंही दिवसाला वीस बदल होतात. कागद कुठं कुठं पुरणार?

२६ एप्रिल
इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी संपलं. तीन टँकरचा मालक एक लिटर पाण्यासाठी चार दुकानं फिरला, सगळीकडं ‘उद्या या’. पाचव्या दुकानात मिळालं. तीन तास चाळीस मिनिटांत परत. पाटीच्या आधी वीस मिनिटं. याला म्हणतात टायमिंग.
सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब म्हणाले, आमच्या ज्येष्ठ मंडळींना ऑपरेटिंग सिस्टीमवर दोन शब्द सांगा. बाहेर पडता येत नाही म्हणून त्यांनाच घरातल्या ऑफिसात बोलावलं. अकरा जण, पंखा बंद. कर्ती बाई, ओटा, फडताळ, सगळं सांगितलं. एका आजोबांनी विचारलं, पण ओट्यावरून फडताळात ठेवायचं कसं? म्हटलं, तो पुढचा टप्पा. आप्पासाहेबांनी शाल दिली. त्या उकाड्यात पांघरावी लागली.

२९ एप्रिल
साखरपुडा पाच तारखेला, करमाडच्या मंगल कार्यालयात. व्याही जालन्याचे, दोघांनाही मध्यावर पडतं म्हणून ठरलेलं. पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. नऊ तास.
व्याह्यांना फोन केला. म्हटलं, कार्यालयात पाण्याची बोंब आहे, आमच्याच घरी करू. ते भले आहेत, हो म्हणाले. त्या कार्यालयाला पाणी आपणच देतो, हे त्यांना ठाऊक नाही.
सावनीचा पुण्याहून फोन. तिनं तिथलं लॉन बघून ठेवलं होतं, मैत्रिणींना फोटो पाठवले होते. रागावली नाही. म्हणाली, बाबा, खरं सांगा, तुम्हाला कुठं दुखतंय का? डॉक्टरांनी बाहेर पडू नका म्हटलंय का?
नाही गं, म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ माऊस हलवत बसलो.

३ मे
पंधरा दिवस. तीन किलो उतरलो. पण यादी शाबूत, एकही टँकर चुकला नाही.
आज एक गोष्ट पक्की कळली. हिमांशूचं कर्ती बाई वगैरे पुस्तकी आहे. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे शेवटी खुर्चीत बसलेला माणूस. मी उठलो की एक्केचाळीस सोसायट्या कोरड्या. हे कुठल्या क्लासात शिकवत नाहीत.

५ मे, रविवार, संध्याकाळी
क्रमानं लिहितो.
हॉलमध्ये चाळीस माणसं. व्याही, विहीण, जावईबापू. मी ऑफिसच्या दारातल्या खुर्चीत, एक डोळा पोरीकडं, एक पाटीकडं. साखरेच्या पुड्याची वेळ आली, गुरुजींनी हाक मारली. उठावंच लागलं. चार मिनिटं.
तेवढ्यात माझी मेव्हणी गोजरबाई पन्ह्यासाठी मिक्सर घेऊन ऑफिसात शिरली. बोर्डावर जागा नव्हती. म्हणून, तिच्याच शब्दांत, तो जाडा काळा प्लग काढला, तो नुसताच बसून होता.
पडदा काळा. माऊस हलवला. हलवला. हलवला.
मी खाली बसलो. व्याही ओरडले, हार्ट आहे, झोपवा यांना! कुणी कांदा फोडला, कुणी मीठ-साखरेचं पाणी. सरोजिनीनं डोकं मांडीवर घेतलं. तिचा चेहरा बघून वाटलं, कूलर घ्यायला पाहिजे होता.
सावनीला जवळ बोलावलं. कानात सगळं सांगितलं. सही, चटई, ओटा, पाटी, करमाडचं खोटं पाणी. म्हटलं, यादी गेली पोरी. उद्या सकाळी कुणाच्या दारात गाडी लावायची ते मला माहीत नाही.
ती म्हणाली, म्हणजे तुमच्या छातीत काही नाही? नाही म्हटल्यावर आधी रडली, मग पदर खोचून खुर्चीत बसली. शालूतच. गोजरबाईला म्हणाली, मावशी, पन्हं राहू द्या. प्लग लावला, बटण दाबलं.
सगळे दारात उभे. व्याहीसुद्धा. मी डोळे मिटले होते.
सावनी म्हणाली, एक्केचाळीसच होत्या ना, बाबा?

६ मे
टँकर वेळेवर गेले. सावनीनं सकाळी अपडेट करून मशीन तीनदा बंद केलं, तीनदा चालू केलं, माझ्यासमोर. सरोजिनी तीन पंख्यांखाली झोपली आहे. कार्यालयातल्या पाण्याची खरी हकीकत व्याह्यांना मीच फोन करून सांगितली. ते हसले, पण थोडं उशिरा.
सावनीला विचारलं, यादी वाचली कशी? म्हणाली, बाबा, ते दर दहा मिनिटांनी आपलं आपण ठेवून घेतं. पहिल्या दिवसापासून. खुर्चीत कुणी बसलेलं लागत नाही.