कशेळीची शेड आणि मातीत जिरणारा फोम यांच्या व्यवस्थेविषयी

मी, माधवी काळूराम तरे, वय चोपन्न, पूर्वी शाळेत संस्कृत शिकवणारी व हल्ली फोम भाजणारी, राहणार नारपोली, भिवंडी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि चहा घेऊन झाल्यावर लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोके जुनेच राहील. ते शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा धाकटा भाऊ दीपेश याला त्याविषयी शंका आहे.

१. कशेळीची शेड बाबांच्या पश्चात वाटणीपत्राने माझ्या नावे झाली. सुखासुखी झाली नाही. त्या वर्षी भाऊबीजेला दीपेशने ओवाळणीच्या ताटात साडी ठेवली आणि साडीखाली हक्कसोडपत्र. आमच्याकडे बहिणी साडी घेतात, सही करतात आणि सासरी जातात. मला सासर नव्हते. मी साडी घेतली, कागद ताटात राहू दिला. "ताई, गोदामवाले रांगेत उभे हाईत, आन् तू फेस करीत बस!" असे तो म्हणाला. मी बसले.

ही शेड, साचे व सर्व यंत्रे मी करिष्मा हिला देते. ही माझी विद्यार्थिनी. संस्कृतात शाळेत पहिली येऊन ती प्लास्टिकच्या शास्त्राकडे वळली. तिला मी केव्हाच क्षमा केली आहे. शेडचे गोदाम करू नये, ही माझी अट. ती कोर्टात टिकणार नाही असे वकील म्हणतात. करिष्मापुढे टिकेल.

२. आम्ही काय करतो हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून लिहिते. स्टार्चचे ओले पीठ गरम साच्यात दाबले की आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुगते आणि थर्मोकोलसारखे खोके तयार होते. फेकले तर मातीत जिरते. पण आमचे पहिले खोके करिष्माने उचलले तर कडा तिच्या हातात आणि बाकीचे जमिनीवर. बुडबुडे मोठे, भिंती कच्च्या. त्या भिंतींत सुताचे अतिसूक्ष्म कण, केसाहून हजारो पटींनी बारीक, घालायचे हे तिचे डोके. कण पसरले की बुडबुडे बारीक व एकसारखे येतात, भिंत ताठ राहते. भिवंडीत लूमखाली, म्हणजे यंत्रमागाखाली, सांडलेल्या कापसाला तोटा नाही.

अडचण निराळीच आली. सहा महिन्यांच्या खटपटीने या कणांचा दोन बादल्या दुधाळ लगदा तयार झाला आणि शेडवर मदतीला असलेल्या आमच्या ठकुबाईने तो गच्चीवर साडी पसरून वाळत घातला. "बाय, वलां व्हतां, नासला असता. कुरडयांवानी कडक केलाय बघ!" वाळल्यावर ते कण एकमेकांना असे चिकटले की पुन्हा सुटेनात. दळून घातले तर खोक्यात खडे. करिष्मा रडली. ठकुबाई म्हणाली, "मंग सांगायचां व्हतां ना, मास्तरीनबाई." खरेच होते. आयुष्यभर सांगण्याचाच पगार घेतला आणि हे सांगायचे राहिले. तेव्हापासून लगदा ओलाच ठेवतो आणि ओलाच पिठात घालतो.

३. नारपोलीची खोली ठकुबाईला. तिच्या गच्चीवर तिने हवे ते वाळवावे.

४. बँकेतली ठेव करिष्माच्या पुढच्या प्रयोगांसाठी. आमचे खोके पावसाळी हवेत अजून मऊ पडते. हा दोष मी तिला वारसाहक्काने देत आहे.

५. दीपेशला बाबांच्या होडीचे वल्हे. लहानपणी खाडीत त्याला पुढे बसवून मीच वल्हवत असे. हे त्याला आठवत नसेल तर वल्ह्याला विचारावे. सोबत ते भाऊबीजेचे हक्कसोडपत्र, बिनसहीचे.

६. आता मुख्य. पॅकिंगच्या एका मोठ्या कंपनीला आमची कृती विकत हवी आहे, ती बनवण्यासाठी नव्हे, कोणी बनवू नये म्हणून. त्यांचे थर्मोकोल बरे चालले आहे. मी नाही म्हटले. परवा दवाखान्यात मी डोळे मिटून पडले असताना दीपेश फोनवर म्हणाला, "जरा थांबा साहेब. सोमवारी ऑपरेशन हाय. मंग मीच बोलतो तुमच्याशी." मी झोपलेली नव्हते.

म्हणून कृती इथेच लिहिते. निव्वळ सुती लूमखालचा कापूस, पॉलिएस्टरचा एक धागा नको. तो सल्फ्युरिक आम्लात विरघळू न देता फोडावा. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. आम्ल पुरते जाईपर्यंत धुवावे. सुके वजन धरून शंभर भाग स्टार्चला दोन भाग लगदा. जास्त घातला तर गुठळ्या होतात. हाव इथेही नडते. तापमान व वेळा परिशिष्टात.

मृत्युपत्र मृत्यूनंतर अमलात येते. हे कलम त्याला अपवाद आहे. आज सकाळी करिष्माने ही कृती परिशिष्टासह भिवंडी-ठाण्याच्या त्रेसष्ट खोकेवाल्यांना आणि चार महाविद्यालयांना पाठवली. दीपेश, विकायला आता गुपित उरलेले नाही. बहीण तेवढी उरली आहे, आणि मंगळवारी शुद्धीवर येताच ती तुला फोन करणार आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करिष्माने करावी. ठकुबाईला साक्षीदार व्हायचे होते; ज्याला मिळते त्याने साक्ष द्यायची नसते, म्हणून ती रुसून बाहेर बसली आहे.

माझ्यासमक्ष वाचून, समजून, हसून सह्या केल्या:

साक्षीदार १: भूपेश, लूममालक, नारपोली (सही)
साक्षीदार २: डॉ. मेघाली, भिवंडी (सही)

लिहून देणार: माधवी काळूराम तरे (सही)

स्थळ: भिवंडी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५